पाण्याची वही

स्मरणिका समितीचे पत्र आले तेव्हा मी रात्रपाळी संपवून नुकतीच घरी परतले होते. ‘दैनंदिन जीवनातील सजगता’ असा विषय पत्रात सुचवला होता आणि माजी विद्यार्थ्यांनी संस्थेविषयीच्या कृतज्ञतेबरोबर स्वतःच्या अनुभवातले काही लिहावे, अशी विनंती होती. कृतज्ञता मनात आहेच. या स्मरणिकेच्या इतर पानांवर ती माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत आलेली असेल. मी लिहिणार आहे ते एका वहीविषयी आणि वसतिगृहाच्या व्हरांड्यातील एका पाटीविषयी. ती पाटी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल : ‘पालकांनी घरून खाद्यपदार्थ आणू नयेत.’ त्या पाटीच्या नावाने आपण किती बोटे मोडली! सणासुदीला एसटीने आलेल्या आयांचे डबे फाटकावरूनच परत गेले. ती पाटी कशी लागली, हे मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यापर्यंत मी ते कोणालाही सांगितले नव्हते.

मी एका शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. या नोकरीला चोवीस वर्षे झाली. औषध देण्याची एक रीत आम्हांला प्रशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. कपाटातून बाटली काढताना तिच्यावरचे नाव वाचायचे. औषध मापताना किंवा सिरिंजमध्ये ओढताना ते पुन्हा वाचायचे. आणि बाटली जागेवर ठेवताना, रुग्णाजवळ जाण्यापूर्वी, तिसऱ्यांदा वाचायचे. तीन वेळा कशासाठी, असे नव्या मुली विचारतात. पहिल्या वेळी डोळे आपल्याला हवे असते तेच वाचतात, म्हणून. एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या झाकणाच्या दोन बाटल्या शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि पहाटे चार वाजता हात सवयीने एकीकडे वळतो.

दुसरी रीत सहीची. औषध रुग्णाच्या पोटात किंवा शिरेत गेल्यावर सही करायची, त्याआधी नाही. आधी सही करून ठेवली आणि तेवढ्यात रुग्णाला एक्स-रेला नेले, तर औषध ट्रॉलीवर राहते आणि कागद म्हणतो ते दिले. पुढच्या पाळीची परिचारिका त्या कागदावर विश्वास ठेवते. तिने ठेवायचाच असतो. डॉक्टर त्याच कागदाकडे पाहून मात्रा वाढवतात. कागद एकदा खोटे बोलला की पुढची सगळी माणसे प्रामाणिकपणे चुकत जातात.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे मी वॉर्डात फेरी घेत होते. रात्री एका विद्यार्थिनीची पाळी होती, दुसऱ्या वर्षाची, कष्टाळू मुलगी. तिने बारा खाटांचे तक्ते भरून ठेवले होते. बाराही रुग्णांचा ताप ९८.६, नाडी ८०. नवव्या खाटेवरील बाईंची चादर नीट करताना माझा हात त्यांच्या दंडाला लागला आणि चटका बसला. थर्मामीटर लावला, १०२ च्या वर पारा. मुलीला बाजूला बोलावले. इतर वेळी मी अशा प्रसंगी बोलण्यात कमी पडत नाही, हे माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली सांगतील. त्या दिवशी मात्र शब्द फुटेनात. तिच्या तक्त्यावरील एकसारख्या, सुबक आकड्यांकडे पाहताना मला माझ्या हस्ताक्षरातील तीन खुणा आणि एक सही दिसत होती. त्या सहीला आता तीस वर्षे होऊन गेली आहेत.

आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराबाहेर, ओट्यावर, पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे रांजण असत. पाणी विहिरीचे. आठवी ते दहावीच्या मुलींची दोन-दोनच्या जोडीने आठवडाभर पाण्याची पाळी असे. पहाटे उठून रांजण घासून धुवायचे, दुहेरी फडक्यातून पाणी गाळून भरायचे, क्लोरीनच्या औषधाचे थेंब मोजून टाकायचे, ढवळायचे, झाकायचे आणि अर्धा तास कोणालाही ओगराळे बुडवू द्यायचे नाही. भिंतीला खिळ्यावर एक लांबट वही टांगलेली असे. तिच्यात चार रकाने : रांजण धुतला, पाणी गाळले, औषध टाकले, वेळ. शेवटी सही. ती वही अधीक्षिका ताई रोज रात्री पाहत. चवदार तळ्याच्या दिवशी, २० मार्चला, लहान-मोठ्या सर्व मुली मिळून रांजण धूत असत आणि ताई सांगत, पाण्याला हात लावण्याचा हक्क बाबासाहेबांनी महाडला मिळवून दिला. ते पाणी स्वच्छ ठेवणे आता आपल्या हातात आहे. आम्हांला ते दरवर्षीचे भाषण वाटे.

१९९३ चा जुलै. मी नववीत होते. पहिल्या मोठ्या पावसाने विहिरीचे पाणी गढूळ झाले होते आणि माझी जोडीदारीण गावी गेली होती. त्या सोमवारी मला उठायला उशीर झाला. बीजगणिताची गणिते राहिली होती. रांजण धुतले नाहीत. तळाशी होते त्या पाण्यावरच नवे पाणी ओतले. फडके ओले आणि चिखलाने भरलेले, म्हणून एकेरीच धरले. औषधाची बाटली रिकामी होती. नवी बाटली कार्यालयातील कपाटात आणि किल्ली ताईंच्या कमरेला. ताई कोठीघरात पीठ मोजून देत होत्या. फार तर पन्नास पावलांचे अंतर असेल. तेवढ्यात वंदनेची घंटा झाली. मी वही खाली घेतली, तिन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या, वेळ साडेपाच लिहिली आणि सही केली. तेव्हा सहा वाजून गेले होते. मग विहारात जाऊन सर्वांबरोबर पंचशील म्हटले, चौथे शीलही.

पाचवीतील एका मुलीची वेणी रोज सकाळी मी घालून देत असे. मोठ्या मुलींकडे एक-एक लहान मुलगी सोपवण्याची पद्धत होती, ती आजही आहे असे ऐकते. तिचे नाव येथे लिहीत नाही. तिला छोटी म्हणू. आदल्या दिवशी, रविवारी, तिची आई भेटायला आली होती. ज्यांच्या शेतावर ती कामाला जाई त्यांची म्हैस व्याली होती. त्यांनी दिलेल्या चिकाचा खरवस करून, अॅल्युमिनियमच्या डब्यात घालून, वर फडके बांधून ती सात कोसांवरून घेऊन आली होती. छोटीने खोलीतील मुलींना वड्या वाटल्या. एक वडी जिन्याखाली बोलावून माझ्या हातावर ठेवली. उरलेल्या तिने पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि सोमवारी रात्री खाल्ल्या.

मंगळवारी संध्याकाळपासून छोटीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. रात्रीपर्यंत डोळे खोल गेले. तिच्या खोलीतील आणखी एका मुलीलाही त्याच रात्री जुलाब झाले. आपण खरवस खाल्लाच नव्हता, असे ती मुलगी रडून सांगत होती. पण रागावतील म्हणून घाबरून खोटे बोलत असेल, असे सर्वांनी धरून चालले. प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉक्टर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. ताईंनी खिळ्यावरची वही काढून आणली. सोमवारच्या ओळीवर त्यांचे बोट क्षणभर थांबले.

“औषध घातले होतेस ना ग?”

“हो, ताई.”

डॉक्टरांनी वही परत दिली आणि विचारले, “बाहेरचे काही खाल्ले होते का?”

त्या रात्री छोटीजवळ बसायला मी आपणहून तयार झाले. डॉक्टरांनी जलसंजीवनीची पाकिटे दिली होती. ती संपली तर काय करायचे तेही सांगितले : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. एक-एक चमचा द्यायचा; उलटी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. साखरेबरोबर मीठ आतड्यातून रक्तात शिरते आणि मिठापाठोपाठ पाणी, हे त्यामागचे शास्त्र मी पुढे शिकले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच साधे पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. मला त्या रात्री यातले काही ठाऊक नव्हते. मी चमच्यामागून चमचा देत राहिले. इतकी एकाग्रता मला नंतर कोणत्याही शिबिरात साधलेली नाही. पण तिच्या बुडाशी काय होते हे मला माहीत होते. पहाटे छोटीला लघवी झाली आणि ताईंनी सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर ताईंनी सर्वांसमोर माझे कौतुक केले. पुढे मी नर्सिंगला जावे हे त्यांनीच सुचवले, ते त्या रात्रीच्या आठवणीवरून. मी या व्यवसायात आले त्याचे मूळ असे आहे.

त्याच दिवशी दुपारी छोटीची आई आली. निरोप मिळाल्याबरोबर कामावरून तशीच निघाली होती; पायांना चिखल होता. व्हरांड्याच्या पायरीवरच ती थांबली, वर आली नाही. ताईंनी तिला समजावले, मुलगी आता बरी आहे, घाबरू नका. ती एवढेच म्हणाली, “माझ्याच हातानं झालं, बाई.” मी खांबाआड उभी होते. पुढे होऊन दोन वाक्ये बोलायला फार वेळ लागला नसता. आठवड्याभरात पाटी लागली. नव्या पालकांना ती पाटी समजावून सांगताना ‘एका आईने आणलेल्या खरवसाने’ ही गोष्ट सांगितली जाऊ लागली. ती अजून सांगितली जाते.

येथे परिचारिका म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. छोटी त्या पाण्यामुळेच आजारी पडली, असे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते पाणी सर्वजणी प्यालो आणि बहुतेकींना काही झाले नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत दीड दिवस पेटीत राहिलेला खरवस बाधला असेल, हेही शक्य आहे. पण गढूळ पाण्यात औषध घातले तरी त्यातले बरेचसे त्या गाळावरच खर्ची पडते. येथे तर ते घातलेलेच नव्हते. डॉक्टरांचा पहिला संशय योग्य दिशेने गेला होता आणि तो माझ्या सहीपाशी अडला. पाणी तपासायला कोणी नेले नाही. खरे बोलणारी मुलगी खोटारडी ठरली. जिच्या बाजूने कोणताच कागद नव्हता अशा एका बाईवर ठपका गेला आणि तिने तो मान खाली घालून घेतला.

त्याच वर्षावासात एका रविवारी धम्मवर्गात राहुलाला केलेला उपदेश वाचला गेला. ताईंनी तो माझ्यासाठी मुद्दाम निवडला, असे वाटून माझे हातपाय गार पडले. तो दरवर्षीच वाचला जातो, हे पुढच्या वर्षी कळले. बहुतेक वाचकांना तो परिचित आहे. राहुल आसन मांडतो, पाय धुण्यासाठी पाणी ठेवतो. तथागत पाय धुतात, भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवतात आणि जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणत्व एवढेसेच उरते, असे दाखवतात. मग ते पाणी ओतून देतात, भांडे पालथे करतात, पुन्हा सुलटे करून ते रिकामे आहे हे दाखवतात. घरातले पाणी, घरातले भांडे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मपाठ नावानिशी सांगितले आहेत. त्यांतला शेवटचा हाच, खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश. ती शिळा आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. मुलांसाठीचा पाठ म्हणून आपण त्याला वसतिगृहापुरता ठेवतो. सम्राटाला तो सर्वांसाठी हवासा वाटला.

पाण्यानंतर त्या उपदेशात आरसा येतो. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे काया, वाचा आणि मनाने केलेले प्रत्येक कर्मही पाहायचे असते : करण्यापूर्वी, करत असताना आणि केल्यानंतर. औषधाच्या बाटलीवरील नाव तीन वेळा वाचण्याची रीत शिकवली गेली तेव्हा मला हा आरसा आठवला होता आणि माझा धम्म व माझा व्यवसाय यांची कशी सुरेख सांगड बसली, म्हणून मी मनातल्या मनात सुखावलेही होते. दोन-तीन व्याख्यानांत मी ते उदाहरण दिले आहे, टाळ्याही मिळाल्या. तिसऱ्या पाहण्याचा उरलेला भाग मी सोयीस्करपणे वगळत असे. केल्यानंतर पाहिले आणि कायेने किंवा वाचेने केलेल्या त्या कृतीत दोष दिसला, तर तो शास्त्यासमोर किंवा जाणत्या सोबत्यांसमोर उघड करावा, असे तेथे सांगितले आहे. केवळ मनाशी खंत करून ते पाहणे पूर्ण होत नाही.

सतिपट्ठान सुत्तात सजगतेने करायच्या गोष्टींची मोठी यादी आहे. पुढे जाणे, मागे येणे, हात आखडणे, पसरणे, चीवर आणि पात्र हाताळणे, खाणे, पिणे, मलमूत्र विसर्जन, उभे राहणे, झोपणे, जागे होणे. इतक्या घरगुती यादीचे मला नेहमी कौतुक वाटत आले. तिच्या शेवटी बोलणे येते आणि त्यानंतर गप्प राहणे. गप्प राहतानाही आपण काय करत आहोत हे पुरते जाणून असावे लागते. मी तीस वर्षे गप्प राहिले ते अनवधानाने, असे मला म्हणता येणार नाही.

संधी पुष्कळ मिळाल्या. दोन वर्षांपूर्वीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात छोटी माझ्या शेजारीच जेवायला बसली होती. ती आज एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. गोडाचे ताट फिरले तेव्हा ती हसत म्हणाली, “आमच्या घरी खरवस होतच नाही. आई चीक घरात येऊ देत नाही. अजून म्हणते, माझ्या हातानं पोरगी जाणार होती.” मी हसले आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. ताईंचे निधन त्याच्या आदल्या वर्षी झाले होते. त्यांना सांगण्याची वेळ हातची गेलीच होती.

म्हणून त्या पहाटे वॉर्डात त्या विद्यार्थिनीला मी रागावू शकले नाही. चूक कशी दुरुस्त करायची ते तिला दाखवले : खाडाखोड करायची नाही, पान फाडायचे नाही, खालचे अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. बाराही रुग्णांचा ताप तिने पुन्हा घेतला. नवव्या खाटेबद्दल डॉक्टरांना आपली चूक तिने स्वतः सांगितली. मी फक्त शेजारी उभी होते. एकोणीस वर्षांच्या मुलीला जमले ते.

समितीचे पत्र आल्यावर मी लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर अडले. हे प्रथम छापून यावे आणि मग त्या माउलीने कोणाकडून तरी ऐकावे, हे बरे नव्हते. छोटीला फोन करून सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “आईला तूच सांग. मी सांगणार नाही.” पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले.

संस्थेला एक विनंती येथेच करते. खाद्यपदार्थांचा नियम असावा की नसावा, हे संस्थेने ठरवावे. एवढ्या मुलांच्या वसतिगृहात तो असणेच योग्य असेल. मात्र त्याचे कारण म्हणून नव्या पालकांना यापुढे खरवसाची गोष्ट सांगितली जाऊ नये. सांगायचीच असेल तर पाण्याच्या वहीची सांगावी, आणि माझे नाव घालून सांगावी.

मावशी आता सत्तरीच्या पुढे आहेत. अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. मी “जयभीम, मावशी” म्हणून समोर बसले आणि सांगितले : त्या सोमवारी रांजण धुतले नव्हते, पाण्यात औषध नव्हते, वहीत खोटे लिहिले आणि ताईंनी विचारले तेव्हा पुन्हा खोटे बोलले. त्यांचा हात थांबला नाही. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे पडत राहिला. सुनेने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

“म्हंजे पाण्यानं झालं व्हय?”

“नक्की सांगता येत नाही, मावशी. पाण्याने झाले असेल, खरवसानेही झाले असेल. पण पाणी कोणी बघितलेच नाही, ते माझ्यामुळे.”

त्या पुन्हा गप्प झाल्या. रागावतील, असे मला वाटले. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. बऱ्याच वेळाने त्यांनी हातातला दगड खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“तू खाल्ला व्हतास का गं त्यो खरवस?”

“हो. छोटीने मला एक वडी दिली होती.”

“कसा झाला व्हता? मला कुणी सांगितलंच न्हाई.”

“चांगला झाला होता. गूळ जरा कमी होता.”

“तेवढाच व्हता घरात,” त्या म्हणाल्या.